पूर्वी घेतलेले उपचार

"बनियन वर करा," डॉक्टर म्हणाले.

आबांनी बनियन वर केलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सावधान उभे राहिले. त्यांना कुणी सावधान म्हटलं नव्हतं. फौजेतून घरी येऊन बारा वर्षं झाली होती, पण टेबलामागे अधिकारी बसलेले दिसले की त्यांच्या टाचा आपोआप जुळायच्या. जिना चढताना त्यांना इतका दम लागला होता की शिपायाने मलाही आत सोडलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर त्यांच्या औषधांची पिशवी.

टेबलामागे फौजेच्या वैद्यकीय बोर्डाचे तिघं होते. मधल्या डॉक्टरांनी हातातलं पेन टोपणासकट पुढे केलं आणि आबांच्या बेंबीच्या वर टेकवलं. एक. दोन. तीन. तिथे वाटाण्याएवढे तीन जुने डाग होते, कातडीपेक्षा फिके, गुळगुळीत. मोजून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण रुमालाने पुसलं.

मग शेजारच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलून ते आबांकडे वळले. स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, "तुमच्या लोकांत मुलाला छातीचा विकार असला की डाग देतात. म्हणजे दमा लहानपणापासूनचा. तो लपवून भरती झालात आणि आता भरपाई मागताय."

आबांना बोलायला आधी हवा गोळा करावी लागायची. ती गोळा करून ते म्हणाले, "व्हय साहेब. डाग हाय."

एवढंच. पुढचं वाक्य छातीतच राहिलं.

तिसरे अधिकारी फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "मिठागरातली माणसं. यांचा फॅमिली डॉक्टर म्हणजे सांडशी आणि निखारा." तिघंही हसले. त्या हसण्यात राग नव्हता. जेवणाच्या सुट्टीआधी माणसं हसतात तसं ते हसू होतं. तेच मला जास्त लागलं.

मी हसले नाही. पण बोललेही नाही.

माझ्या कमीजखाली, बेंबीच्या वर, तसेच तीन डाग होते. मला कधीही दमा नव्हता. शाळेत मी धावण्यात पहिली यायचे. मी उठून एवढंच सांगायला हवं होतं. दोन वाक्यं. पण मी बी.ए. झालेली, पेणच्या वाचनालयात काम करणारी, मराठीतले सगळे मोठे लेखक वाचलेली बाई. कॉलेजात मैत्रिणींसमोर कपडे बदलताना मी भिंतीकडे तोंड करायचे. माझ्या अंगावर मिठागर छापलेलं आहे, हे कुणाला कळू नये म्हणून. त्या खोलीतही मी तेच केलं. भिंतीकडे तोंड.

आबांनी बनियन खाली केलं. सदऱ्याची बटणं त्यांना लागेनात. मी जाऊन ती लावली. तेवढंच केलं.

आता मागचं सांगते.

आमचं गाव पेणजवळ, खाडीच्या काठाला. एका बाजूला खारी शेती, दुसऱ्या बाजूला मिठागर. आजोबा मिठागरात, आजी मिठागरात. आमच्याकडे मूल जन्मलं की पाचवी पूजतात आणि दुसऱ्या सकाळी दाई येते. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचते, दिव्यावर धरते. बिब्ब्याचं तेल सुटून चरचरायला लागलं की बाळाच्या पोटावर टेकवते. तीनदा. बाळ आजारी असायला लागत नाही. पुढे पोट धरू नये, छाती भरू नये, म्हणून आधीच. शहरात लस टोचतात तसं. ज्याला डाग नाही त्याच्या आईला बाया विचारतात, पोराची काळजी नाही काय गो तुला?

आबांनाही असाच डाग मिळाला, सहाव्या दिवशी. एकोणिसाव्या वर्षी ते भरतीला गेले तेव्हा अनवाणी धावले आणि त्या दिवशीच्या टोळीत दुसरे आले. सतरा वर्षं फौजेत होते. त्यांतली तीन बर्फात. तिथे छपरीत घासलेटची बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवून दहा-दहा जण दार लावून झोपायचे. सकाळी थुंकी काळी पडायची, असं ते सांगत. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा श्वास पहिल्यांदा अडकला. मग इस्पितळ, परत चौकी, परत इस्पितळ. शेवटी घरी पाठवलं. कागदावर लिहिलं होतं : दमा. अपंगत्व पंधरा टक्के. सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. वीसच्या आत असलेल्याला त्या नियमाखाली काही मिळत नसे.

आम्ही रोह्याला खोली घेतली. आबा धाटावला एका रसायनांच्या कंपनीच्या गेटवर लागले. शिफ्ट करायचे. तिथल्या हवेने दमा वाढला, हे खरं. पुढे बोर्डाने तेही लिहिलं. म्हणजे त्यांच्या मते हा आजार एक तर भरतीच्या आधीचा, नाहीतर घरी आल्यानंतरचा. मधली सतरा वर्षं आबांनी जणू श्वास घेतलाच नव्हता.

अपील करायचं मी ठरवलं. मला वाचनालयात नोकरी लागली होती, नियमांची पुस्तकं हाताशी होती, अक्षर चांगलं होतं. आबांना साधं पेन्शन होतंच. मी त्यांना म्हटलं, टक्के वाढले तर तुम्हाला गेटवर उभं राहावं लागणार नाही. ते म्हणाले, "त्या टक्क्यांचं सोड. मी चांगला गेलो होतो. आजारी होऊन आलो. एवढं त्यांनी लिवून दिलं पायजे."

त्यांची मागणी तेवढीच होती. शेवटपर्यंत तेवढीच राहिली.

फॉर्म मी भरला. रोह्याच्या खोलीत, दोन रविवार लावून. त्यात एक रकाना होता : पूर्वी घेतलेले उपचार. फौजेतली सगळी इस्पितळं मी तारखांसकट लिहिली. मग आबांना विचारलं, आणखी काही? ते विचार करून म्हणाले, "लहानपणी डाग दिलेला. लिव."

मी म्हटलं, तो कशाला?

"औषधच ना ते? इचारलंय तर सगळं लिवायचं. फौजेत खोटं चालत नाय."

मी लिहिलं. 'बालपणी पोटावर डाग दिले होते.' वळणदार अक्षरात. सगळ्या बाळांना देतात, निरोग्यालाही देतात, हे मी लिहिलं नाही. ते लिहावं लागतं हेच मला सुचलं नाही. आमच्यात ते कुणाला सांगावं लागत नाही.

बोर्डाच्या त्या दिवसानंतर तीन महिन्यांनी पत्र आलं. अपील नामंजूर. टक्के तेच. खाली एक नवं वाक्य : आजार भरतीपूर्वीचा असून अर्जदाराने तो लपविला, हे अर्जदाराच्या स्वतःच्या कथनावरून सिद्ध होते.

स्वतःच्या कथनावरून. माझ्या अक्षरावरून.

आबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "लपवला म्हंजे चोरीच म्हणायची ना?"

मी पत्राची घडी घातली. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ते धाटावच्या गेटवर जायचे ते फौजेची टोपी घरी ठेवून. आधी रोज घालायचे. दिवाळीच्या आधी, एका सकाळी, चहा मागून घेतला आणि तो यायच्या आत भिंतीला टेकल्या टेकल्या गेले. आडवं झोपून त्यांना किती वर्षं झाली होती, हे मला आठवत नाही.

दिवस गावाला केले. दहाव्याला बायकांत ती म्हातारी दाई येऊन बसली. मला डाग देणारी. डोळ्यांनी कमी झालेली, पण जीभ शाबूत. रडणाऱ्या बायकांच्या मधोमध मी तिच्यावर धावून गेले. म्हटलं, तुमच्या डागांनी माझ्या बापाला चोर ठरवलं. आईने माझा हात ओढला.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. पत्रात काय आहे ते पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "तुजे बापासला माजे सासवेनी दिलेला. तुला मी. दमा व्हता म्हणून दिला काय? या गावान एक पोट कोरा दाखव मना. तुजा तो डाक्टर आंधला हाय, नी तू शिकलेली मुकी."

त्या शब्दाने मला दोन रात्री झोप लागली नाही. रागाने नाही. तो खरा होता म्हणून.

तेरावं झालं आणि मी वही घेऊन गावात फिरले. घरोघर. नाव, वय, डाग आहेत का, दमा आहे का, सही किंवा अंगठा. पहिल्या आळीतच बातमी पुढे गेली. ओट्यावर बसलेली माणसं मला बघून आधीच बनियन वर करायला लागली. "लायब्ररीवाली पोटं मोजायला आली रे." एकाने पोट फुगवून विचारलं, माझं पोट दोन पानांवर लिहिणार काय? मी लिहीत राहिले. कबड्डी खेळणारी पोरं, मुंबईला पोलिसात असलेला एक, मिठागरात चाळीस वर्षं टोपल्या वाहिलेले म्हातारे. सगळ्यांच्या पोटावर तीन-तीन डाग. बायकांनी मला आत माजघरात नेलं. दार लावून दाखवलं. एकीने विचारलं, "नी तुझं?" मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर ते दाखवले. ती म्हणाली, "मग लिव की तुझं पण." मी वहीत माझं नाव लिहिलं.

एक गोष्ट लपवणार नाही. त्या फेरीत एका घरी पाचवी होती. दुसऱ्या सकाळी मी तिथे गेले आणि दाईचा हात धरला. म्हटलं, नको. हे वाईट आहे, बाळाला यातना आहेत, छातीचं काही झालं तर पेणला न्या, मी येते बरोबर. बाळाची आजी माझ्यावर उलटली. माझ्या हातात अख्ख्या गावाच्या डागांची वही होती आणि मी डाग देऊ नका म्हणत होते. त्यांनी माझं ऐकलं नाही. ते रडणं मी अंगणात उभं राहून ऐकलं. डाग देणं थांबलंच पाहिजे. पण ते आमचं आमच्याशी भांडण आहे. त्या भांडणाचा पुरावा करून कुणी आम्हाला खोटारडं ठरवावं, हे मी चालू देणार नाही. दोन्ही मला एकाच वेळी वाटतं. कुणाला ते जुळत नसेल तर नाइलाज आहे.

खांब गावात एक निवृत्त सुभेदार राहतात. माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतात. मी एसटीने कोलाडवरून त्यांच्याकडे गेले. त्यांनी वही चाळली, एक-दोन पानांवर हसले, आणि ती माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "बेटी, फौजेकडं भांडून मिळत नाय. मागून मिळतं. ही पोटं-बिटं बाजूला ठेव. आई विधवा हाय, घरात पुरुष नाय, दया व्हावी. असं लिहू. त्यांना बी बरं वाटतं."

मी म्हटलं, दया नको. ते हसले. सगळे आधी असंच म्हणतात, म्हणाले.

मग अर्जात लिहायला त्यांनी आबांचं डिस्चार्ज बुक मागितलं. ते आबांच्या ट्रंकेत होतं, मेणकापडात गुंडाळलेलं. मी तसंच उचलून आणलं होतं. मी नियमांची पुस्तकं उघडली, इस्पितळाचे कागद उघडले, पण ते कधी उघडलं नव्हतं. त्यात नंबर, हुद्दा आणि तारखा यांशिवाय काही असेल असं वाटलं नव्हतं. सुभेदारांनी चष्मा लावला. बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ मनात वाचली, मग मोठ्याने वाचली.

भरतीच्या वेळच्या ओळखीच्या खुणा : पोटावर, बेंबीच्या वर, भाजल्याचे तीन जुने व्रण.

त्यांनी ते पान माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "लपवला? अरे, यांनी तर पयल्याच दिवशी मोजलेत."

भरतीच्या डॉक्टरने आबांना नखशिखांत तपासलं होतं. डाग पाहिले, मोजले, लिहिले. आणि छाती ठणठणीत म्हणून शिक्का मारला. आबा लढाईत गेले असते तर प्रेत ओळखायला हेच डाग चालले असते. तेव्हा कुणी म्हटलं नसतं की हा दमेकरी होता.

सुभेदारांनी लिहायला घेतलेला कागद फाडला. "तू लिव," म्हणाले. "मी टाईप करून घेतो. दया शब्द आला तर मीच खोडीन."

मी चार रात्री लिहिलं. पाच वेळा फाडलं. कुठे जास्त शहाणी वाटत होते, कुठे जास्त बिचारी. शेवटी दीड पान उरलं. सोबत वही जोडली, डिस्चार्ज बुकाच्या त्या पानाची नक्कल जोडली. आणि शेवटी लिहिलं : 'बालपणी डाग दिले होते' हे वाक्य मी, अर्जदाराच्या मुलीने, लिहिले होते. ते आजाराविषयी नव्हते. माझ्याही पोटावर ते डाग आहेत. तपासून पाहावे.

वर्षभराने बोलावणं आलं. दुसरी कचेरी, दुसरे अधिकारी. एकच होते. आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं. एसटीत आई म्हणाली होती, "मिळतंय ते घे गो. मी दमले."

अधिकाऱ्यांनी दीड पान वाचलं. वहीची पानं उलटली. डिस्चार्ज बुकाची नक्कल उजेडाकडे धरली. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्यांना सगळं कळलं आहे. मग त्यांनी फाइल मिटली आणि आवाज खाली आणून सांगितलं की विशेष बाब म्हणून, सहानुभूतीने, टक्के वीस करता येतील. आईंना फायदा मिळेल. मूळ निष्कर्ष मात्र तसाच राहील. तो बदलायचा म्हणजे आधीच्या बोर्डाने चूक केली असं लिहावं लागेल, आणि ते अवघड असतं.

"त्या एका वाक्याने तुमचं काय बिघडतं?" ते म्हणाले. "माणूस तर गेला."

त्यांनी मंजुरीचा कागद आईपुढे सरकवला आणि त्यावर शाईचं पॅड ठेवलं.

आईने पॅड बाजूला केलं. "मना सही येते," म्हणाली. पेन घेतलं. मग थांबली आणि मला विचारलं, "यात लपवला लिवलाय काय गो?"

मी सांगू शकत होते, नाही. ती ऐकून सही करून मोकळी झाली असती. तिला विसावा हवा होता, आणि तो तिचा हक्क होता. माझ्या तोंडाशी ते 'नाही' आलंही होतं.

"व्हय आई," मी म्हटलं. "लिवलाय."

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे आता तू बोल.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, माझे वडील खोटं बोलले नव्हते. खोटं तुमच्या कागदात आहे. सहानुभूती तुमच्याकडे ठेवा. ते वाक्य खोडा."

"मॅडम, आवाज," ते म्हणाले.

माझा आवाज चढला नव्हता. त्यांना तो ऐकू आला होता, एवढंच.

आम्ही सही न करता बाहेर आलो. घरी दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाली, "पुढचा अर्ज कधी लिवतेस?" आवाजात माया नव्हती. दमणूकच होती. पण तिने विचारलं.

तो अर्ज आता वरच्या न्यायालयात आहे. वकील म्हणतात, वर्षं जातील. मधे फौजवाले पुन्हा वीस टक्के पुढे करतील, कदाचित तीसही. करू देत. मी त्यांना लेखी कळवलं आहे की टक्के कितीही लिहा, पण 'लपविला' हा शब्द त्या कागदावर आहे तोवर आमच्या घरातून कुणाची सही मिळणार नाही. आईची नाही, आणि आईनंतर माझी नाही.